चुकांची यादी म्हणजे संशोधन नव्हे

सातारा-सांगलीकडून पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आता मालिकांवर काम करायचं असतं. जरूर करा. फक्त मालिकेतल्या चुका गोळा केल्या की सिनॉप्सिस झाला, असं समजू नका.

‘द सिम्पसन्स’चंच घ्या. १९८९पासून चालू असलेली ही अमेरिकन अ‍ॅनिमेटेड विनोदी मालिका. १९९०च्या ‘होमर्स ओडिसी’ या भागात मिस्टर बर्न्सचा साहाय्यक स्मिदर्स सावळा आणि निळ्या केसांचा दिसतो. पुढे मात्र तो इतरांसारखाच पिवळा. सापडली चूक! पण पुढे काय?

‘गंगाजल’ (२००३) आठवतो? गोष्ट बिहारची, चित्रीकरण आपल्या वाईकडचं. आपल्याकडचा प्रेक्षक डोंगर ओळखतो आणि हसतो. पण डोंगर तिथे होताच, कॅमेऱ्यानं तो टिपला इतकंच. अ‍ॅनिमेशनमध्ये असं आपोआप काही येत नाही. प्रत्येक रेघ कुणीतरी ओढलेली असते, प्रत्येक रंग कुणीतरी भरलेला असतो. म्हणून विचारायचं ते हे, की ही विसंगती कोणत्या टप्प्यावर आली आणि कशामुळे? स्मिदर्सचं उत्तर सरळ आहे. रंगकामात चूक झाली, असं मालिकेच्याच लोकांनी नंतर सांगितलं. विषय संपला.

होमरच्या तारुण्याचं तसं नाही. ‘द वे वी वॉज’ (१९९१) सांगतो की होमर आणि मार्जची ओळख १९७४ साली, शाळेत असताना झाली. २००८चा ‘दॅट नाइन्टीज शो’ त्यांचे लग्नाआधीचे दिवस थेट नव्वदच्या दशकात नेतो. याला चूक कसं म्हणणार? बार्ट कायम दहा वर्षांचा राहतो आणि बाहेरचं जग मात्र पुढे जातं, मग आईबापांचं तारुण्यही पुढे सरकवावंच लागतं. आपला ‘चिंटू’सुद्धा कुठे मोठा होतो? २००८चा भाग मला फिका वाटतो, पण साल बदललं म्हणून नव्हे. मार्जच्या जवळ जाता यावं म्हणून वादविवादाच्या संघात घुसणारा आधीचा होमर हा माणूस वाटतो. ग्रंज बँड काढणारा होमर म्हणजे त्या दशकाचा नुसता पोशाख.

खरं खाद्य आहे ते १९९७च्या ‘द प्रिन्सिपल अँड द पॉपर’मध्ये. इतकी वर्षं पाहिलेले मुख्याध्यापक स्किनर हे मुळात स्किनर नाहीतच, त्यांचं खरं नाव आर्मिन टॅमझेरियन, असं कळतं. शेवटी न्यायाधीश त्यांना जुनं नाव परत देतात आणि हा विषय पुन्हा कुणी काढायचा नाही, असा हुकूम सोडतात. म्हणजे विसंगती मालिकेनं स्वतःच तयार केली, स्वतःच पुसली आणि तिचाही विनोद केला. तरी हा भाग अनेक चाहत्यांना आजही खुपतो. स्किनरला आवाज देणारे हॅरी शिअरर यांनीही त्यावर उघड नाराजी व्यक्त केली.

स्मिदर्सचा बदललेला रंग प्रेक्षक गंमत म्हणून सांगतात. मग स्किनरचं बदललेलं नाव त्यांना का सहन होत नाही? सिनॉप्सिसमध्ये हा प्रश्न लिहा, यादी मागे परिशिष्टात टाका.