रमाबाईंची साक्ष : भरंवशाचें वाङ्मय

ईश्वरावर सर्व भार टाकला म्हणजे त्यानें दिलेलीं वचनें पदरांत पडतात, हा सिद्धान्त सर्वच भक्तिमार्गांत आढळतो. गीतेच्या नवव्या अध्यायांत अनन्य भक्तांना योगक्षेमाचें आश्वासन आहे. आमच्या संतांनीं तर देवाशीं हक्कानें भांडण्यापर्यंत मजल मारली. ख्रिस्ती धर्मांत या सिद्धान्तास विशेष स्थान आहे. अब्राहाम आपला देश व गोत सोडून निघतो, तो केवळ एका वचनावर. या भरंवशाचें मराठींत जें वाङ्मय झालें, त्याकडे टीकाकारांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. धर्मप्रचाराचीं पुस्तकें म्हणून तीं एका बाजूस पडतात. पंडिता रमाबाईंनीं १९०७ सालीं प्रथम इंग्रजींत लिहिलेली, व पुढें मराठींत 'माझी साक्ष' या नांवानें परिचित झालेली, त्यांची आत्मकथा हें त्यांतील पहिल्या प्रतीचें पुस्तक होय. प्रस्तुत लेखांत त्याचें परीक्षण करण्याचा विचार आहे.

आम्हां उमरेडकरांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. १८९३ सालीं नागपूरहून राजनांदगांवास जाणाऱ्या आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें नारायण वामन टिळकांच्या हातीं नव्या कराराची प्रत दिली, आणि एका कवीच्या आयुष्याची दिशा बदलली. त्यानंतर तीनच वर्षांनीं मध्यप्रांतांत मोठा दुष्काळ पडला. आमचें गांव तेव्हां त्याच प्रांतांत मोडत असे. निराधार मुलींना आश्रय देण्यासाठीं रमाबाई पुण्याहून या प्रांतांत आल्या, आणि शेंकडों मुलींना घेऊन परतल्या. केडगांवच्या 'मुक्ती'चा पाया या दुष्काळानें घातला असें म्हटलें तरी चालेल.

पुस्तकाचा पूर्वार्ध वाचतांना मन सुन्न होतें. अनंतशास्त्री डोंगरे यांचें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं फिरत असे. शास्त्रांत सांगितल्याप्रमाणें त्यांनीं दानें दिलीं, व्रतें केलीं, मूर्तींची सेवा केली. देव आपणांस उपाशी ठेवणार नाहीं, असा त्यांचा पूर्ण भरंवसा होता. पुढें द्रव्य संपलें, दागिने व भांडीं विकावीं लागलीं. आणि १८७४ सालीं दुष्काळाच्या दिवसांत शास्त्रीबोवा, त्यांच्या पत्नी व वडील कन्या हीं तिघें थोड्या महिन्यांच्या अंतरानें निवर्तलीं. रमाबाई त्या वेळीं सोळा वर्षांच्या होत्या. हा सर्व प्रसंग त्यांनीं आक्रोश न करितां सांगितला आहे, म्हणूनच तो इतका परिणामकारक झाला आहे.

उत्तरार्धांत दुसरा भरंवसा येतो. १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतल्यावरही आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असें त्या बजावून सांगतात. हा भेद ज्यानें ओळखला त्याच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका घेण्यास जागा उरत नाहीं. आपल्या पंधरा मुलींना ख्रिस्तप्राप्ति झाली, तेव्हां या पंधरांचा वर्ग करून दोनशें पंचवीस दे, असें मागणें त्यांनीं देवापाशीं केलें. शास्त्र्याच्या कन्येची ही हिशेबी प्रार्थना वाचून प्रथम हंसूं येतें. पण देवावर इतका रोकडा विश्वास ठेवण्याचें धैर्य आपणांपैकीं कितीजणांत आहे, हें मनांत आलें म्हणजे हंसूं मावळतें.

येथेंच या पुस्तकाचा खरा प्रश्न उभा राहतो. बापाचा भरंवसा फळला नाहीं म्हणून तो खोटा, लेकीचा फळला म्हणून तो खरा, अशी मांडणी पुस्तकांत अनेक ठिकाणीं सूचित झाली आहे. आमच्या मतें ती टिकणारी नाहीं. भरंवशाची किंमत फळावरून करावयाची, तर त्या मापानें रमाबाईंचें स्वतःचें उत्तरायुष्यही मोजावें लागेल. जिच्या हातीं मुक्तीचा कारभार जावयाचा, ती एकुलती एक कन्या मनोरमाबाई १९२१ सालीं आईच्या डोळ्यांदेखत गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं वारल्या. या मधल्या काळांत त्यांनीं देवाकडे जाब मागितला नाहीं. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून चालविलेलें बायबलाचें मराठी भाषांतर त्यांनीं अखेरपर्यंत हातचें सोडलें नाहीं. तें संपूर्ण रूपानें १९२४ सालीं, म्हणजे त्यांच्या मागें, बाहेर पडलें. त्यांचा भरंवसा हा सौदा नव्हता, याचें प्रमाण त्यांच्या पुस्तकापेक्षां त्यांच्या चरित्रांत अधिक स्पष्ट दिसतें. आणि सर्वस्व टाकून एका शब्दावर विसंबण्याची ती रीत त्या बापाच्याच घरीं शिकल्या, ही गोष्ट पुस्तकांत उघड मान्य केलेली नसली तरी वाचकास जाणवल्यावांचून राहत नाहीं.

दुसरा दोष लहान आहे, परंतु सांगितला पाहिजे. भरंवशाच्या वाङ्मयांत देणाऱ्या माणसांचे हात दिसेनासे होतात. बोस्टन येथें १८८७ सालीं स्थापन झालेल्या मंडळीनें दहा वर्षें मदत देण्याचें वचन दिलें होतें, व तें पाळलें. मुदत संपल्यावर १८९८ सालीं रमाबाई स्वतः अमेरिकेस गेल्या, आणि नवी मंडळी उभी राहिली. मुक्तींत शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग चालत. भार देवावर टाकणें म्हणजे हात बांधून बसणें नव्हे, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें. लेखणीनें मात्र सर्व श्रेय वर पाठविलें. भक्ताच्या नम्रतेस तें शोभतें. इतिहास वाचणाऱ्यानें मात्र दात्यांना व राबणाऱ्या मुलींना विसरतां कामा नये.

या पुस्तकाशेजारीं लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रे' ठेवून वाचावीं. ज्याचा भरंवसा तोच तेथें लेखक नाहीं. टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांचें पाऊल देवाच्या शब्दावर पडलें, पण त्या पावलाखालीं पत्नीचा संसार आला. पुढचीं सुमारें पांच वर्षें ताटातुटीचीं गेलीं. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न त्या बाईनें आपल्याच बुद्धीनें सोडविला, आणि १९०० सालीं त्या स्वतःच्या पायांनीं ख्रिस्ती झाल्या. घरांत आलेला पैसा ज्याच्या हातीं टिकत नाहीं, त्या पुरुषाच्या निश्चिंतपणाची किंमत चुलीपाशीं कोण भरतें, हें त्यांनीं हंसत हंसत सांगितलें आहे. रमाबाईंच्या साक्षींत ही बाजू येऊं शकत नाहीं, कारण त्यांच्या भरंवशाचा भार प्रथम त्यांच्याच खांद्यावर होता. कलेच्या दृष्टीनें 'स्मृतिचित्रे' श्रेष्ठ, यांत आम्हांस संशय नाहीं. निष्ठेच्या तीव्रतेंत 'साक्ष' तिच्यापुढें जाते.

नव्या करारांत इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायांत श्रद्धावान पूर्वजांची मोठी मालिका दिली आहे, आणि शेवटीं सांगितलें आहे कीं हे सर्व वचनाची पूर्तता पाहिल्यावांचूनच मेले. त्यांनीं ती दुरून पाहिली एवढेंच. वचनप्राप्तीचे सोपे मार्ग सांगणारे उपदेशक हा अध्याय उत्साहानें वाचतात, पण त्याच्या शेवटाशीं थांबत नाहींत. रमाबाईंचें पुस्तक या शेवटाशीं ताडून वाचलें, तर त्यांतील दोनशें पंचविसाचा आंकडा गौण ठरतो, आणि अन्नावांचून देवाची वाट पाहत देह ठेवणारे अनंतशास्त्रीही त्या मालिकेपासून फार दूर उभे आहेत असें वाटत नाहीं.