नोट, स्वर आणि पट्टी : स्वरलेखनाच्या इंग्रजी परिभाषेविषयी काही विचार

१

मराठीत संगीतशास्त्रावर लिहिणाऱ्याच्या हाती आज दोन परिभाषा आहेत. पहिली ग्रंथांतून आणि गुरुमुखातून आलेली : स्वर, श्रुती, सप्तक, आवर्तन, सम, मींड. दुसरी इंग्रजी स्वरलेखनाबरोबर आलेली : नोट, स्केल, की, शार्प, फ्लॅट, बार. या दोहोंमध्ये हळूहळू एक तडजोड होत गेली. नोट म्हणजे स्वर, शार्प म्हणजे तीव्र, फ्लॅट म्हणजे कोमल, बार म्हणजे विभाग, अशी समीकरणे विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षेत ती त्याच्या उपयोगीही पडतात. परंतु ही समीकरणे खरी आहेत काय? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, त्यांतील बहुतेक अर्धसत्ये आहेत; आणि या अर्धसत्यांचा परिणाम शब्दांपुरता न राहता गाण्यातील काय कागदावर उतरते व काय निसटते यावर होतो.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा मराठी विरुद्ध इंग्रजी असा भाषाभिमानाचा वाद नव्हे. ज्या परिभाषेला आपण इंग्रजी म्हणतो ती इंग्रजांनी तरी घरी कोठे घडविली? गतिदर्शक शब्द त्यांनी इटालियनांकडून जसेच्या तसे घेतले. आलेग्रो, आदाजिओ यांचे भाषांतर करण्याच्या भरीस ते पडले नाहीत. कालमूल्यांची ब्रिटिश नावे तर मूळ अर्थाशी विसंगतच झाली आहेत. ‘ब्रेव्ह’ म्हणजे ऱ्हस्व, पण आज तेच सर्वांत दीर्घ चिन्हांपैकी एक आहे. ‘मिनिम’ म्हणजे लघुतम, पण त्याच्याहून लहान चिन्हांची रांगच पुढे उभी आहे. अमेरिकनांनी ही नावे सोडून पूर्ण, अर्धा, पाव असे हिशेबी शब्द पत्करले. तेव्हा शब्द परका की घरचा, यापेक्षा तो नेमक्या कोणत्या गोष्टीला लावला जातो, हा प्रश्न महत्त्वाचा.

२

या प्रश्नाचा इतिहास पाहू जाता तो बऱ्याच अंशी कृष्णाकाठी घडला असे दिसते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकाच्या साहाय्याने त्यांनी श्रुतींची गणिती प्रमाणे ठरविण्याचा यत्न केला. आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांना त्यांचे विवेचन पटले. क्लेमेंट्स यांचे ‘इंट्रोडक्शन टु द स्टडी ऑफ इंडियन म्युझिक’ १९१३ साली लंडनला निघाले. त्यात त्यांनी युरोपीय पंचरेषांची लिपी स्वीकारली आणि सूक्ष्म स्वरांसाठी तिच्यात नव्या खुणांची भर घातली. या दोघांच्या विचारातून श्रुति-हार्मोनियम हे वाद्यही तयार झाले. १९१६ साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हे श्रुतिप्रकरण वादाचा विषय झाले. ते वाद्य मात्र पुढे व्यवहारात रुजले नाही.

याच टापूतील कुरुंदवाडचे कै. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकले. १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केल्यावर वर्गात अनेकांना एकदम शिकविण्याची गरज त्यांच्यापुढे उभी राहिली. त्यांनी अक्षरे देवनागरीच ठेवली. पण एक मात्रा, अर्धी, पाव, अष्टमांश अशा कालमूल्यांना स्वराखाली स्वतंत्र चिन्हे दिली. प्रत्येक स्वराने आपला काळ आपल्या अंगावर वागविणे, ही कल्पना युरोपीय नोटेच्या कल्पनेशी जुळणारी आहे. कै. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी निराळी वाट धरली. त्यांच्या लिपीत काळ हा स्वराचा गुण नसून मात्रेच्या घराचा आहे. एका घरात जितके स्वर बसतील तितके खालच्या कंसाने एकत्र बांधले जातात. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रास खाली बिंदू, तारास वर बिंदू, समेला गुणिलेचे चिन्ह, खालीला शून्य; एवढ्या मोजक्या सामग्रीवर क्रमिक पुस्तकांचे सहा भाग उभे राहिले.

क्लेमेंट्स यांनी लिपीही घेतली आणि तिचे शब्दही घेतले. पलुसकरांनी शब्द घेतले नाहीत, पण एक कल्पना घेतली. भातखंड्यांनी गरज ओळखली आणि साधन घरचे घडविले. यांपैकी तिसरी लिपी सर्वाधिक प्रसार पावली, याचे कारण छपाईची सोय एवढेच सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. त्या लिपीतील खुणा गायक ज्या वस्तूंना नावे देत आला होता त्याच वस्तूंना लागत होत्या, हे त्याहून मोठे कारण होय.

३

आता समीकरणे एकेक करून तपासू.

‘नोट’ या इंग्रजी शब्दात तीन अर्थ एकवटले आहेत : कागदावरील चिन्ह, निश्चित उंचीचा नाद, आणि ठरावीक काळ टिकणारा ध्वनी. आपल्या ‘स्वर’ शब्दात यांपैकी एकही अर्थ पुरता नाही. गांधार हा गांधार ठरतो तो षड्जाच्या नात्याने. षड्ज हलला की सारे सप्तक हलते आणि तरीही गांधार गांधारच राहतो. नोट हे स्थानाचे नाव आहे. स्वर हे नात्याचे नाव आहे. नात्याला स्थान समजण्याची चूक आपल्या पाठ्यपुस्तकांतही शिरली आहे. इंग्रजी ध्वनिशास्त्रातून २४, २७, ३०, ३२, ३६ अशी प्रमाणे आली, सोयीसाठी त्यांना दहाने गुणले गेले, आणि ‘षड्जाची आंदोलने २४०, पंचमाची ३६०’ असे वाक्य रूढ झाले. गणिताचे उदाहरण म्हणून ते निर्दोष आहे. परंतु षड्जाला स्वतःची ठरलेली आंदोलनसंख्या आहे असे त्यावरून समजणारा विद्यार्थी अजूनही भेटतो.

‘शार्प’ व ‘फ्लॅट’ यांची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. पेटीवर काळी चार हा षड्ज धरून कोणी भूप गायला असे समजू. भूपात पाच स्वर, पाचही शुद्ध. कोमल एकही नाही. हाच भूप पंचरेषांवर लिहू गेल्यास ए फ्लॅट, बी फ्लॅट, सी, ई फ्लॅट, एफ असे लिहावे लागते. म्हणजे ज्या रागात कोमल स्वर नाही त्याच्या लेखनात तीन फ्लॅट आले. उलट एफ हा षड्ज मानला तर बी फ्लॅट हा शुद्ध मध्यम ठरतो आणि कोणतीही खूण नसलेला बी हा तीव्र मध्यम ठरतो. अशा स्थितीत ‘फ्लॅट म्हणजे कोमल’ हे वाक्य सी या पट्टीपुरतेच खरे आहे. अन्यत्र ते वाचकाला सरळ चुकीच्या वाटेला लावते. फ्लॅट हे सात अक्षरांपैकी एकाच्या स्थानात केलेल्या बदलाचे नाव. कोमल हे षड्जापासून घेतलेल्या अंतराचे नाव. दोहोंचा संबंध आहे, ऐक्य नाही.

येथे क्लेमेंट्स यांच्या प्रयत्नाचे मर्मस्थान सापडते. त्यांच्यावरील नेहमीचा आक्षेप श्रुतींच्या गणिताविषयी असतो. तो वाद बाजूस ठेवला तरी अडचण उरतेच. स्थानदर्शक लिपीत त्यांनी अधिक सूक्ष्म स्थाने निर्माण केली, पण हवी होती ती अधिक स्पष्ट नाती. आश्चर्य असे की, नात्यावर आधारलेली लिपी खुद्द इंग्लंडातच उपलब्ध होती. सारा ग्लोव्हर यांच्या पद्धतीवरून जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात प्रचारात आणलेल्या टॉनिक सोल-फा लिपीत ‘डो’ हा आपल्या षड्जासारखा सरकता असतो आणि स्वर अक्षरांनीच लिहिले जातात. आपल्या सरगमेची ती सख्खी बहीण शोभेल. पौर्वात्य संगीताला जगापुढे नेण्यासाठी पंचरेषाच हव्यात, या समजुतीत लिपीच्या योग्यतेपेक्षा तिच्या प्रतिष्ठेचा वाटा मोठा होता, असे म्हणणे प्राप्त आहे.

‘बार’ आणि ‘विभाग’ यांचे साम्यही रेघेपुरतेच आहे. युरोपीय लेखनात बाररेषेनंतरच्या पहिल्या मात्रेवर सामान्यतः आघात अपेक्षित असतो. त्रितालाच्या सोळा मात्रांत चार विभाग आहेत, पण तिसऱ्याचा आरंभ खालीने होतो. तेथे रेघ आघाताचा अभाव दाखविते. रूपकात तर सम स्वतःच खाली आहे. शिवाय बार संपला की दुसरा बार येतो. आवर्तन संपत नाही, ते समेवर परत येते. त्रितालातील पुष्कळ बंदिशी नवव्या मात्रेवरून उठतात आणि मुखडा समेकडे धावतो. ही ओढ बारच्या भाषेत सांगता येत नाही.

४

इंग्रजी शब्दांची ही मर्यादा दाखविताना मराठीची श्रीमंती सांगणे अवश्य आहे, कारण तिच्याकडे शास्त्रकारांनी फारसे पाहिलेले नाही. ती ग्रंथांत कमी आणि बैठकीत, रंगभूमीवर, वारीच्या वाटेवर अधिक आहे.

आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वरांची पालखी लोणंद, तरडगाव करून फलटणला मुक्कामास येते. दिंड्यांतून म्हटले जाणारे अभंग कोणत्याही लिपीत पाहून म्हटले जात नाहीत. तथापि तेथे परिभाषा नाही असे मात्र नाही. ‘पट्टी’ उंच आहे की खाली, ‘चाल’ कोणती धरावी, हे दोन शब्द टाळकऱ्यांना पुरेसे असतात. फलटणच्या भजनी मंडळातला पेटीवाला ‘पांढरी एक’ किंवा ‘काळी पाच’ म्हणतो तेव्हा तो सी आणि ए शार्प यांचीच नावे घेत असतो. पण त्याच्या शब्दाने जे काम होते ते इंग्रजी नावाने होत नाही. इंग्रजीत एकाच काळ्या पट्टीला सी शार्प व डी फ्लॅट ही दोन नावे संदर्भाप्रमाणे द्यावी लागतात. ‘काळी एक’ हे वाद्यावरील जागेचे निखळ नाव आहे. स्वराच्या नावाशी त्याची गल्लत होत नाही. स्थानाला एक परिभाषा (काळी, पांढरी) आणि नात्याला दुसरी (सा, रे, ग), असा काटेकोर भेद एका परदेशी वाद्याभोवती मराठी व्यवहाराने आपण होऊन केला. ‘की’ या शब्दाचे भाषांतर शोधणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी : वाद्याची पट्टी आणि गायकाची पट्टी हे दोन्ही अर्थ मराठी शब्दात आहेत, तिसरा, म्हणजे स्वरसमूहाच्या जातीचा अर्थ त्यात नाही, आणि तो नसणेच इष्ट, कारण त्यासाठी थाट व राग हे शब्द आहेत.

‘चाल’ हा शब्द याहून महत्त्वाचा. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) व ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांपासून छापील पदांच्या माथ्यावर राग, ताल आणि चाल देण्याची प्रथा दृढ झाली. साकी, दिंडी ही नावे छंदाबरोबर गाण्याची तऱ्हाही सांगत. ही एक प्रकारची स्वरलिपीच होय. तिच्यात स्वर लिहिलेले नसतात, दुसऱ्या एखाद्या परिचित पदाकडे बोट दाखविलेले असते. तिचे सामर्थ्य आणि तिचा धोका दोन्ही त्या बोटात आहेत. ज्या पदाकडे ते दाखविते ते लोकांच्या कानात असेपर्यंत एक ओळ पुरते. ते विस्मरणात गेले की माथ्यावरची ओळ मुकी होते. जुन्या नाट्यपदांच्या पुस्तकांत अशा मुक्या ओळी पुष्कळ आहेत. लिपीची गरज खरी कोठे आहे ते येथे दिसते.

तिसरा शब्द ‘जागा’. गायकाने सुंदर जागा घेतली असे आपण म्हणतो. इंग्रजीतील ‘ऑर्नमेंट’ या शब्दात अलंकार मूळ रेषेवर बाहेरून चढविल्याचा भाव आहे. जागा ही चढविलेली नसते. ती चालीतच असते आणि गायकाला सापडते. भातखंडे लिपीत कणस्वर लहान अक्षराने वर लिहितात, मींडेसाठी वक्र रेघ काढतात. पण जागेला खूण नाही. पंचरेषांतही नाही. खूण नाही म्हणून शब्द टाकून द्यावा काय? उलट, स्वरलेखनाखाली चार शब्दांची टीप जोडून जागा कोठे व कशी घेतली हे नोंदणे, हा मार्ग मोकळा आहे.

५

या विवेचनातून संशोधकाच्या उपयोगाचे तीन निष्कर्ष निघतात.

पहिला : जे शब्द कागदावरील वस्तूंचे आहेत ते इंग्रजी असले तरी खुशाल ठेवावेत. पंचरेषांविषयी लिहिताना नोट, बार, क्लेफ, शार्प, फ्लॅट हेच शब्द योग्य. त्यांना संस्कृत नावे दिल्याने विद्यार्थ्याचे ओझे दुप्पट होते आणि घोटाळा तसाच राहतो.

दुसरा : जे शब्द नात्याचे आहेत त्यांच्याशी इंग्रजी शब्दांचे समीकरण मांडू नये. कोष्टक द्यावयाचेच असेल तर त्याच्या माथ्यावर षड्जाची पट्टी लिहावी. एवढ्या एका ओळीने अर्धे गैरसमज टळतील.

तिसरा : संग्रहकार्य करणाऱ्याने गाणाऱ्याचे शब्द लेखनाइतकेच जपून टिपावेत. दिंडीतील वृद्ध विणेकऱ्याकडून चाल उतरवून घेताना तिचे स्वर भातखंडे लिपीत येतील. पट्टी, ठेका, तो चालीला देत असलेले नाव आणि ती कोणाकडून घेतली ही माहिती मात्र कोणत्याच लिपीत येणार नाही. ध्वनिमुद्रणाने नाद टिकतो. पण गाणारा त्या नादाचे तुकडे कोठे पाडतो आणि त्यांना काय म्हणतो, हे ध्वनिफीत आपण होऊन सांगत नाही.

देवल आणि क्लेमेंट्स यांच्या परिश्रमांविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की, त्यांनी गायकाचा कंठ कसोशीने मोजला, पण त्याची बोली ऐकली नाही. ते राहिलेले काम आता मराठीच्या अभ्यासकांचे आहे, आणि ज्यांच्याकडून ही बोली ऐकावयाची ते दरवर्षी कमी होत आहेत.