तारखेची वैधता आणि तारखेचा अर्थ : स्टोअर्ड प्रोसिजरमधील पडताळणीची चिकित्सा

प्रस्तावना : प्रवेश, परीक्षा व ग्रंथालय यांच्या नोंदी आज डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात. नोंदीतील तारीख अनेकदा स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच जतन केलेल्या आज्ञासंचात, तपासली जाते. ही पडताळणी नेमके काय सिद्ध करते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे.

विवेचन : एसक्यूएल सर्व्हरमध्ये मजकूररूप तारखेसाठी 'इजडेट' हे फंक्शन प्रचलित आहे. मात्र त्याचे उत्तर जोडणीच्या भाषेवर व 'डेटफॉरमॅट' या मांडणीवरही अवलंबून असते. अमेरिकन इंग्रजी मांडणीत महिना प्रथम येतो. आपल्याकडे दिवस प्रथम लिहितात. परिणामी '२५/०४/२००८' नाकारली जाते, तर ३ एप्रिल या अर्थाने लिहिलेली '०३/०४/२००८' ही ४ मार्च म्हणून स्वीकारली जाते. पहिली चूक लगेच लक्षात येते, दुसरी नोंदीत राहून जाते. वर्षातील १४४ तारखांत दिवसाचा अंक १२ पर्यंतचा असतो. त्यांपैकी दिवस व महिना समान असलेल्या १२ वगळता उरलेल्या १३२ तारखा अशा उलटू शकतात.

आयएसओ ८६०१ या १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या मानकातील वर्ष-महिना-दिवस हा क्रम यावर उपाय म्हणून सुचविला जातो. तथापि जुन्या 'डेटटाइम' प्रकारात, दिवस-प्रथम मांडणी असता, '२००८-०४-०३' ही ४ मार्च ठरते. २००८ च्या आवृत्तीतील 'डेट' प्रकारात हा दोष नाही. २०१२ च्या आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या 'ट्राय_कन्व्हर्ट'मध्ये १०३ हा शैली-क्रमांक देऊन दिवस/महिना/वर्ष हा क्रम स्पष्टपणे सांगता येतो. रूपांतर अशक्य असल्यास 'नल' मिळते. म्हणून 'इजडेट'पेक्षा हा मार्ग अधिक स्वीकारार्ह वाटतो.

निष्कर्ष : मूळ दोष तारीख मजकूर म्हणून स्वीकारण्यात आहे. एकदा उलटलेली तारीख कॅलेंडरच्या दृष्टीने वैधच असते. त्यामुळे नंतरची केवळ वैधतेची तपासणी तिला अडवू शकत नाही. प्रोसिजरने 'डेट' प्रकारातील मूल्यच घ्यावे आणि रूपांतर अर्जाच्या पडद्यावर, जेथे लिहिणाऱ्याचा क्रम ठाऊक असतो तेथे, करावे. मजकूर-फाइल अपरिहार्य असल्यास तिचा क्रम आधी निश्चित करून घ्यावा. चुकलेली जन्मतारीख विद्यार्थ्याला बहुधा प्रमाणपत्र हाती आल्यावरच कळते. म्हणून हा विषय संगणक विभागापुरता मर्यादित न ठेवता अभिलेख सांभाळणाऱ्या सर्वांनी विचारात घेणे आवश्यक आहे.