दाताची झीज आणि अनुमानाची घाई

मी पुरातत्त्वाचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. म्हणून दाताच्या झिजेकडे मी एक अनुमान म्हणून बघणार आहे.

१९५९ साली मेरी लीकी यांना आजच्या टांझानियात, ओल्डुवाय घळीत, सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची कवटी सापडली. दाढा प्रचंड. नाव पडलं ‘नटक्रॅकर मॅन’. आपण अडकित्त्या म्हणू. एवढ्या दाढा, म्हणजे हा कठीण बिया-कवचं फोडून खात असणार! नैयायिक याला पूर्ववत् अनुमान म्हणतील: ढग दाटले, म्हणजे पाऊस येणार. आता, ढग दाटूनही पाऊस हुलकावणी देतो हे तुम्हाला मी सांगायला नको. आकारावरून दाढ काय फोडू शकते ते कळतं. रोज काय चावत होती ते नाही.

झिजेचं अनुमान उलट, शेषवत्: नदीला पूर आला, म्हणजे वर पाऊस झाला. कठीण पदार्थ फोडले की दाताच्या एनॅमलवर सूक्ष्म खड्डे पडतात, चिवट पाला चघळला की ओरखडे उठतात. २००८ साली पीटर अंगर आणि सहकाऱ्यांनी या प्रजातीच्या दाढा तपासल्या, तर तसे खड्डे नव्हतेच.

मग झीज हा निर्णायक पुरावा झाला का? इथे माझा आक्षेप आहे. सूक्ष्म खुणा काही दिवसांत, आठवड्यांत पुसून नव्या उमटतात. म्हणजे साक्ष शेवटच्या काही जेवणांची, आयुष्याची नव्हे. शिवाय झीज अन्नानंच होते असं कुठे आहे? धूळ-रेतीनंही होते. क्रोएशियातल्या क्रापिना इथल्या निअँडरथलांच्या पुढच्या दातांवर तिरके ओरखडे आहेत. वस्तू दातात धरून दगडी हत्यारानं कापताना झालेले. त्यांच्या दिशेवरून बहुतेक जण उजखोरे होते हे कळतं, जेवण कळत नाही.

न्यायसूत्रांत हाच आक्षेप येतो: पूर बांधामुळेही येईल! उत्तर असं, की नुसतं वाढलेलं पाणी पाहू नका. ओढ, फेस, वाहून आलेला पालापाचोळा, सगळं मिळून पाहा. अडकित्त्याच्या बाबतीत तेच झालं. २०११ साली एनॅमलमधल्या कार्बनच्या समस्थानिकांनी वेगळ्या वाटेनं सांगितलं, की याचा आहार मुख्यतः गवत आणि लव्हाळ्यासारख्या वनस्पतींचा. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या, तेव्हा कुठे म्हणण्याला वजन आलं.

अर्धशतक आपण एका जिवाला चुकीच्या नावानं हाक मारली, आणि तो काही खंडन करायला येणार नव्हता. म्हणून ‘आदिमानव अमुकच खायचा’ असा मथळा दिसला, की एवढंच विचारा: नुसतं पाणी वाढलेलं पाहिलंत, की पालापाचोळाही पाहिलात?