बावीस हजार आठशे एकोणनव्वद चंद्र

चित्रकार जितीश कल्लाट यांच्या वडिलांचा जन्म 2 एप्रिल 1936 चा, मृत्यू 2 डिसेंबर 1998 चा. या दोन तारखांमधल्या रात्री मोजल्या तर 22,889 भरतात. वडील गेले तेव्हा कल्लाट चोविशीत होते, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडून दोन वर्षं झालेली. पुढे 2010-11 मध्ये त्यांनी वडिलांच्या वाट्याला आलेल्या या सगळ्या रात्रींचं जे केलं, त्याचं नाव ‘एपिलॉग’. एकूण 753 छायाचित्रं. त्यांत प्रत्येक रात्रीचा एक चंद्र, आणि प्रत्येक चंद्र म्हणजे एक पोळी. पोळी अख्खी असेल ती पौर्णिमा. खात खात संपत आली की अमावास्या जवळ आली.

कल्पना सांगून टाकली की संपली, असं अनेक समकालीन कलाकृतींचं होतं. ती भीती इथेही वाटते. पण ‘एपिलॉग’ मला टिकाऊ वाटतं ते ती कल्पना ज्या चिवटपणे शेवटपर्यंत नेली आहे त्यामुळे. वडिलांचा फोटो नाही, चष्मा नाही, हातचं पत्र नाही. मृत माणसाच्या आठवणीसाठी आपण जे जे जपून ठेवतो, त्यातलं काहीच भिंतीवर नाही. माणूस कसा होता, काय काम करायचा, रागीट होता की मवाळ, याचा पत्ता लागत नाही. कळतं ते एवढंच, की तो इतक्या रात्री या आकाशाखाली होता आणि रोज त्याला जेवायला लागायचं.

हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. एप्रिल 1936 ते डिसेंबर 1998 हे महिने मोजले तर ते 753 होतात. म्हणजे महिन्याला एक चौकट. कॅलेंडरचं पान उलटावं तशी नजर एका चौकटीवरून पुढच्या चौकटीवर जाते. या मोजणीत 137 वी चौकट ऑगस्ट 1947 ची येते. चौदा-पंधरा ऑगस्टच्या त्या मध्यरात्री अमावास्या दोन दिवसांवर होती, म्हणजे देश स्वतंत्र झाला तेव्हा इथली पोळी जवळजवळ संपलेली. बरोबर 400 वी चौकट जुलै 1969 ची. माणूस चंद्रावर उतरला तो महिना. त्या दिवशी शुद्ध षष्ठी-सप्तमीचा चंद्र होता, अर्ध्याच्या आतबाहेर. इतिहासाची पानं अशी मधेमधे लागतात, पण त्यांच्यावर ना खूण ना तारीख. पोळी पुढे सरकते. ज्या मुंबईकर चित्रकाराने नेहरू, गांधी, विवेकानंद यांची भाषणं आपल्या कलेत वापरली, त्याने वडिलांच्या बाबतीत इतिहासाला इतकं बाजूला ठेवावं, ही मला या कामातली सगळ्यात धीट गोष्ट वाटते.

आणखी एक. कल्लाट यांचा जन्म 1974 चा. म्हणजे पहिल्या साडेचारशेहून जास्त चौकटी त्यांच्या जन्माच्या आधीच्या आहेत. वडिलांच्या आयुष्याचा तीन पंचमांश भाग मुलाने पाहिलेलाच नाही. तो त्याने पोळ्या मांडून भरून काढला. आपल्या जन्माआधी आईबाप कुणीतरी होते, पोरं होती, उपाशीपोटी किंवा भरल्यापोटी गच्चीत झोपत होती, हे आपल्याला माहीत असतं. पण पटत नसतं. या चौकटींपुढे ते पटायला लागतं.

आता पोळीकडे या. काळ्या पार्श्वभूमीवर तव्यावर भाजलेली पोळी ठेवली की तिचे फोड, करपलेले ठिपके, फिकट पांढुरके भाग हे सगळं चंद्रावरच्या डागांशी इतकं जुळतं की पहिल्या नजरेला फसायला होतं. दुर्बिणीतून काढलेले फोटो असावेत असं वाटतं. मग जवळ गेल्यावर गव्हाचा रंग दिसतो, कडेचा खडबडीतपणा दिसतो, आणि नजर आकाशातून ताटात येते. ही ये-जा थांबत नाही. दूर गेलं की चंद्र, जवळ आलं की जेवण.

खरी गंमत पक्षांत आहे. वद्य पक्ष सोपा आहे: पौर्णिमेपासून एकेक घास कमी होत जातो, रोजच्या जेवणासारखा. पण शुद्ध पक्षाचं काय? खाल्लेली पोळी परत वाढत नाही. अमावास्येनंतर भिंतीवर एक कोर उगवते, ती रुंदावत जाते, पंधरा दिवसांत पोळी पुन्हा अख्खी होते. निसर्गात हे चंद्राला जमतं. स्वयंपाकघरात यासाठी कुणाला तरी कमवावं लागतं, दळावं लागतं, मळावं लागतं. भिंतीवर बेरीज आणि वजाबाकी एकाच चालीने होत राहतात, आणि कोणता पंधरवडा जमेचा, कोणता खर्चाचा, हा सवाल आपल्या डोक्यात फिरू लागतो. शुद्ध पक्षात भूक भागत चालली आहे की वाढत? मला वाटतं, या कलाकृतीचा सगळा रस या एका अडचणीत आहे. चित्रकाराने ती सोडवलेली नाही, आणि सोडवली नाही हे बरं केलं.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ बघून पान वाढणारे आपण. चंद्र आणि जेवण यांची गाठ आपल्या घरात दर महिन्याला पडते. नारायण सुर्व्यांनी भाकरी आणि चंद्र एका ओळीत आणून ठेवल्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. आणि आयुष्य चंद्रांनी मोजायची रीत तर आपल्याकडे आहेच. एक्क्याऐंशीव्या वर्षाच्या सुमारास हजार पौर्णिमा भरल्या म्हणून आपण सहस्रचंद्रदर्शन करतो, म्हाताऱ्या माणसाला ओवाळतो. त्या मापाने कल्लाट यांच्या वडिलांच्या पौर्णिमा साधारण 775 झाल्या. सव्वादोनशे कमी पडल्या. पण सहस्रचंद्रदर्शनात फक्त पूर्ण चंद्र जमेला धरतात. ‘एपिलॉग’मध्ये कोर, अर्धी, पाऊण, सगळ्या रात्री सारख्याच मोलाच्या आहेत. ज्या रात्री मुंबईच्या पावसाळी ढगांनी काही दिसू दिलं नसेल, त्याही.

कल्लाट यांचं नाव अनेकांनी ऐकलेलं असतं ते मोठ्या, दिमाखदार कामांमुळे. हाडांच्या सांगाड्यासारखी रिक्षा, तसाच पाण्याचा टँकर. 2010 मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या जिन्यावर त्यांनी ‘पब्लिक नोटिस 3’ मांडलं: 11 सप्टेंबर 1893 ला याच ठिकाणी झालेल्या सर्वधर्मपरिषदेतलं विवेकानंदांचं भाषण, 118 पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर दिव्यांच्या अक्षरांत, आणि तेही अमेरिकेने दहशतवादी धोक्याची पातळी दाखवायला ठरवलेल्या पाच रंगांत. तारखेचा योगायोग इतका नेमका आहे की पाहणारा लगेच दाद देतो. 2012 च्या ‘कव्हरिंग लेटर’मध्ये गांधींनी जुलै 1939 मध्ये हिटलरला लिहिलेलं पत्र धुक्याच्या पडद्यावर उमटतं आणि पाहणारा त्या पत्रातून चालत जातो. 2019 च्या व्हेनिस बिएनालेत भारताच्या दालनात ते होतं. दोन्ही कामं प्रभावी आहेत; पण दोन्हींत चतुराई आधी भेटते. ‘एपिलॉग’मध्ये आधी कंटाळा भेटतो, मुद्दाम ठेवलेला. पन्नासाव्या चौकटीपाशी वाटतं, कळलं की आता. दोनशेव्यापाशी आपण मोजणं सोडतो. चारशेच्या पुढे तो कंटाळा हळूहळू दुसऱ्या कशात तरी बदलतो, कारण एव्हाना लक्षात आलेलं असतं की हा साठा संपणार आहे आणि कुठे संपणार तेही ठरलेलं आहे. शेवटची चौकट डिसेंबरची. ती भरत नाही.

आक्षेप घ्यायचा तर दोन घेता येतात. पहिला, की बाजूची पाटी वाचली नाही तर या पोळ्या कुणाच्या, किती, कशासाठी हे कळणारच नाही. खरं आहे. पण शिलालेखाचंही तसंच असतं. लिपी येत नसेल तर तो दगड. मला हा दोष वाटत नाही. दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. इतक्या हजार पोळ्यांत त्या लाटणारे हात कुठेच नाहीत. जेवणारा आहे, त्याच्या रात्री आहेत, त्याची आठवण काढणारा मुलगा आहे. पीठ मळणारी, तव्यापुढे उभी राहणारी बाई या हिशेबात धरलेली नाही, आणि शुद्ध पक्षाची सगळी भर तर तिच्याच जिवावर. हे न्यून आहे असं माझं मत. मात्र ते दिसलं ते याच कामाकडे टक लावून पाहिल्यामुळे, हेही खरं.

2021 पासून कल्लाट यांनी ‘इंटिजर स्टडीज’ नावाची रेखाटनं केली. रोज एक रेखाटन, आणि त्यावर त्या घडीची जगाची लोकसंख्या, त्या दिवशीचे जन्म, त्या दिवशीचे मृत्यू. आकडे आले, जगाएवढे मोठे आले. पण त्या आकड्यांत कुणी आपलं माणूस सापडत नाही. ‘एपिलॉग’मधला आकडा एकाच माणसाचा आहे, म्हणून तो पेलवतो.

समकालीन कला आपल्याला कळत नाही म्हणणाऱ्यांनी कल्लाट यांच्याशी ओळख करून घ्यायची तर रिक्षाच्या सांगाड्यापासून करू नये, इथून करावी. 2011 मध्ये ‘एपिलॉग’ मुंबईत केमोल्ड प्रिस्कॉट रोडच्या दालनात लागलं होतं. पुन्हा कुठे लागलं तर सोबत पुरेसा वेळ घेऊन जा, आणि पहिल्या चौकटीपासून सुरुवात करा. फोनच्या पडद्यावर एखादी चौकट दिसते, 753 दिसत नाहीत.