वेताळ, बांदार आणि कागद

आमच्या चारकोपच्या बैठ्या घरात पुस्तक विकत आणण्याची ऐपत नव्हती. वडील किलोवर रद्दी आणून निवडत. तिच्यातून निघालेले ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे फाटके अंक ही माझी पहिली ग्रंथसंपदा. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये मुंबईतून सुरू केलेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली होती. तरी तिच्यातला वेताळ आमच्या गल्लीत जिवंत होता. खेळात मी वेताळ होत असे आणि धाकट्या भावाला बांदार करीत असे. आज महाविद्यालयात साहित्य शिकवताना मला त्या खेळाची लाज वाटते. ही लाज तपासणे हेही समीक्षेचेच काम आहे, असे मी मानतो.

अमेरिकन लेखक ली फॉक याने वेताळ १९३६ मध्ये निर्माण केला. गोरा पुरुष, कवट्यांचे सिंहासन, बापाकडून मुलाकडे चालत आलेली गादी. आणि त्या गादीची राखण करणारे जंगलातले बुटके बांदार. ‘बांदार’ या शब्दाला येणारा वास आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. एका घराण्याने चारशे वर्षे न्याय द्यायचा आणि मूळच्या रहिवाशांनी कृतज्ञ राहायचे, ही रचना आम्हाला परकी वाटली नाही. गावगाड्याने ती आमच्या वाडवडिलांना आधीच शिकवली होती. भारतीय आवृत्तीत बंगालची आठवण नको म्हणून वेताळाच्या देशाचे नाव ‘डेंकाली’ केले गेले. नावातली अडचण दिसली. माणसांच्या उतरंडीतली दिसली नाही.

पण दोष केवळ कलावंतांच्या माथी मारून भागणार नाही. जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’ या अनेक साहसकथांच्या मासिकाच्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. जेरी सीगल आणि जो शूस्टर हे त्याचे निर्माते गरीब ज्यू स्थलांतरितांच्या घरांतले. त्यांनी आपल्या नायकाचे हक्क १३० डॉलरला विकले. पुढे कंपनीने त्यावर अमाप पैसा केला आणि निर्मात्यांची नावेही गाळली. जाहीर ओरड झाली तेव्हा कुठे १९७५ मध्ये नावे परत आली आणि वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर मिळू लागले. निर्मिती करणारा वेगळा आणि मालक वेगळा, हा हिशेब आपल्या श्रमकऱ्यांना नवा नाही.

म्हणूनच मला ऑरिन इव्हान्स महत्त्वाचा वाटतो. फिलाडेल्फियाच्या या कृष्णवर्णीय पत्रकाराने १९४७ मध्ये ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ काढले. लेखक काळे, चित्रकार काळे, नायक काळे. त्यातला ‘लायन मॅन’ हा शास्त्रज्ञ आहे. आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमधील युरेनियमच्या साठ्यावर तो पहारा देतो. वेताळाच्या जंगलाला दिलेले हे उत्तरच होते. किंमत १५ सेंट, अंक एकच. दुसऱ्या अंकाची तयारी झाली होती. कागद मिळाला नाही.

इथे मला १९२० सालचा ‘मूकनायक’ आठवतो. बाबासाहेबांच्या या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार झाला नव्हता. तिथे कागद अडवला, इथे जाहिरात अडवली. शब्दांना उत्तर देता येत नाही तेव्हा प्रस्थापित व्यवस्था साधनेच अडवते.

आपली समीक्षा आत्मकथनांवर आणि कवितेवर भरभरून बोलली, ते योग्यच झाले. परंतु आठ वर्षांच्या मुलाच्या हाती काय पडते, याकडे आपण पाहिले नाही. आत्मकथन हाती येईपर्यंत मी वेताळ होऊन चुकलो होतो. केवळ नायकाचा रंग बदलून हे सुटणार नाही. सिंहासनावर दुसरा बसवला तरी खाली बांदार राहतातच. सिंहासन नसलेली साहसकथा लिहावी लागेल. शिवाय तिच्यासाठी कागद आपला लागेल, छपाई आपली लागेल, आणि किंमत रद्दी निवडणाऱ्या बापाला परवडेल अशी लागेल.

भावाला मी अलीकडे विचारले, ‘तू बांदार का होत होतास?’ तो म्हणाला, ‘दादा, पुस्तक तुझ्याकडे असायचं.’