अवे मॅचला गेल्यावर पत्ता काय सांगायचा?

फुटबॉलचं वेड म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर निक हॉर्नबीचं 'फीव्हर पिच' वाच, असं प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं असतं. १९९२ साली आलेलं हे पुस्तक आर्सेनलबद्दल आहे. प्रकरणांच्या डोक्यावर मॅचचं नाव आणि तारीख, आणि खाली एका माणसाचं अख्खं आयुष्य. वेड त्यात आहेच. पण मला ते पुस्तक वेडाचं कमी आणि पत्त्याचं जास्त वाटतं. मी कुठला, हे कुणाला सांगायचं आणि कुणासमोर लपवायचं, ही भानगड त्यात पहिल्यापासून चालू असते.

कारण हॉर्नबी आर्सेनलच्या गल्लीतला नाहीच. तो मेडनहेडचा, म्हणजे लंडनच्या पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या, सकाळी गाडी पकडून शहरात कामाला जाणाऱ्यांच्या गावचा. आई-वडील वेगळे झाले होते. भेटीच्या दिवशी मुलाला घेऊन कुठे जायचं, हा वडिलांपुढचा प्रश्न. १४ सप्टेंबर १९६८ला त्यांनी अकरा वर्षांच्या पोराला हायबरीला नेलं, मॅच स्टोक सिटीशी. पोराच्या लक्षात खेळापेक्षा राहिली ती भोवतालची माणसं, पैसे देऊन आत आलेली आणि तरी सबंध वेळ वैतागलेली. पहिल्याच दिवशी त्याला कळलं की इथलं असणं म्हणजे मजा करणं नव्हे.

पुस्तकातलं माझं आवडतं प्रकरण त्यानंतर साडेतीन वर्षांनी येतं. फेब्रुवारी १९७२, एफए कप, आर्सेनलची रेडिंगला अवे मॅच. तिथे रेडिंगवाल्यांनी चौकशी केली तर हा पठ्ठ्या सांगतो, मी लंडनचा, इझलिंग्टनचा. सपशेल थाप. यातली गंमत नकाशा उघडल्याशिवाय कळत नाही. मेडनहेडहून रेडिंग वीसेक किलोमीटर, लंडन त्याच्या दुपटीहून लांब. म्हणजे 'अवे' मॅच त्याच्या घराजवळ होती आणि 'होम' मॅचला दर वेळी प्रवास. जवळच्या टीमला सोडून लांबची टीम धरायची, आणि जवळच्याच गावात जाऊन लांबचा पत्ता सांगायचा.

हे प्रकरण खडवलीत बसून वाचलं की हसू येतं, पण जरा अडखळत. टिटवाळा सोडलं की पुढचं स्टेशन खडवली. भातसा नदी, पावसाळ्यात सहलीला येणारी आणि दर वर्षी नदीला कमी लेखणारी माणसं, कल्याण तालुका, ठाणे जिल्हा. मुंबई सिटी एफसीचं घरचं मैदान अंधेरीत. तिथे पोहोचायचं तर कसारा लोकलने घाटकोपर, मग मेट्रोने आझाद नगर, पुढे चालत. सगळं जुळून आलं तर दोन तास. मॅच साडेसातला सुरू झाली तर साडेनऊला सुटते. रात्री टिटवाळ्यापर्यंत जाणाऱ्या गाड्या बऱ्याच, त्यापुढच्या मोजक्या. त्यामुळे ऐंशीव्या मिनिटाला बरोबरी असताना आपण स्कोअरबोर्डावरचं घड्याळ ज्या नजरेने बघतो ती शेजारच्या अंधेरीकराची नसते. तो जादा वेळ मोजत असतो, आपण शेवटची कसारा. इथल्या माणसाला होम मॅच नाहीच. आहेत त्या सगळ्या अवे.

आणि खरी अवे मॅच? तिथे उलटं होतं. मडगावला फातोर्डा स्टेडियमबाहेर निळी जर्सी बघून कुणी विचारलं, कुठून आलात, तर उत्तर एकच, मुंबई. तिथे कोणी टिटवाळ्याच्या पुढचं का अलीकडचं असं विचारत नाही. अंधेरीच्या स्टँडात जो 'बापरे, इतक्या लांबून?' असतो तो गोव्यात बिनशर्त मुंबईकर होतो. उपनगरातल्या, त्यातही उपनगराच्या पलीकडल्या माणसाला अवे मॅच एक पत्ता देते, तोही शहराने स्वतःहून न दिलेला. हॉर्नबीला हे बरोबर सापडलं होतं. उपनगरी, मध्यमवर्गीय, कुठलीच मुळं नसलेला इंग्रज माणूस आपण कुठलेतरी आहोत हे दाखवायला काय काय करतो, हे तो स्वतःवर हसत सांगतो. पण हसण्यावर थांबतो. थापेचा पुढचा प्रश्न तो विचारत नाही. थाप मारायला आधी आत शिरावं लागतं, आणि आत कोणाला घेतात?

इथे माझी पुस्तकाबद्दलची तक्रार सुरू होते. हॉर्नबीच्या जगात तिकीट ही दगदग आहे, अडसर नाही. रांग, पाऊस, पैशांची चणचण, हे सगळं येतं. पण दारावर कुणी त्याला तू आत येण्याजोगा नाहीस असं म्हणत नाही. एकदाच पुस्तक त्या दारापाशी नीट उभं राहतं, हिल्सबरोच्या प्रकरणात. १५ एप्रिल १९८९, शेफील्ड, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, दोघांसाठीही परकं मैदान. लेपिंग्ज लेनच्या बाजूला लिव्हरपूलच्या समर्थकांची चेंगराचेंगरी झाली आणि त्या दुर्घटनेचे बळी पुढे ९७ झाले. लगेच बोट दाखवलं गेलं ते बिनतिकीट आलेल्या, दारू प्यायलेल्या पब्लिककडे. टेलर अहवालाने तो आरोप फेटाळून पोलिसांच्या नियंत्रणाकडे बोट वळवलं, तरी मृत्यू बेकायदा होते असा निर्णय ज्युरीकडून यायला २०१६ उजाडलं. हॉर्नबी त्या दुपारी हायबरीत आर्सेनल-न्यूकॅसल बघत होता. त्याचं हे प्रकरण प्रामाणिक आहे, रागही खरा आहे.

त्या अहवालानंतर उभं राहायचे कठडे गेले, खुर्च्या आल्या, आणि खुर्चीमागून दर आले. 'फीव्हर पिच' आलं त्याच वर्षी प्रीमियर लीग सुरू झाली. पुढे इंग्लंडमधल्या समर्थकांना अवे तिकीट स्वस्त करा म्हणून २०१३ पासून मोहीम चालवावी लागली आणि २०१६-१७ पासून प्रीमियर लीगने अवे तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा घातली. पाहुण्यांसाठी ३ हजार जागा किंवा मैदानाच्या दहा टक्के, यातलं कमी असेल ते. आणि त्या ३ हजारांत कोण, तर बहुतेक क्लबांत आधी ज्याने जास्त अवे मॅच केल्या तो. म्हणजे जायला मिळण्यासाठी आधी गेलेलं असावं लागतं. नोकरीच्या अनुभवासारखंच.

आपल्याकडे तिकिटाचा भाव हा मोठा प्रश्न नाही. आपला घोळ वेगळा आहे: तारीख. इंडियन सुपर लीगच्या २०२४-२५ हंगामाचं आधी अर्धंच वेळापत्रक जाहीर झालं, तेही हंगाम सुरू व्हायला काही आठवडे असताना. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. कोकणकन्येची वेटिंग लिस्ट मॅच ठरायची वाट बघत नाही. मॅचचं तिकीट दोन मिनिटांत मोबाईलवर मिळतं, मॅचपर्यंत नेणारं मिळत नाही. पुणे सिटी होती तोवर बालेवाडीला सकाळी जाऊन मध्यरात्री परतता यायचं; २०१९ला तो क्लबच बंद झाला आणि सगळ्यात जवळची अवे मॅच एका रात्रीच्या प्रवासावर गेली. २०२३ला तर मुंबई सिटीने एएफसी चॅम्पियन्स लीगच्या 'घरच्या' मॅच बालेवाडीत खेळल्या. त्यातली अल हिलालची मॅच नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर झाली, ऑगस्टमधल्या ड्रॉपासून नेमार येणार म्हणून मोबाईल पेटले होते आणि ऑक्टोबरमध्ये ब्राझीलसाठी खेळताना त्याचा गुडघा गेला. २०२५-२६चा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरूच झाला नाही, कारण लीग चालवण्याच्या हक्कांचा करार अडकला होता. अवे मॅचसाठी पैसे साठवणाऱ्याने तेव्हा काय करायचं होतं, यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

दाराचा प्रश्न जिथे खराखुरा विचारला गेला आहे ती कलाकृती इराणची आहे. जाफर पनाहीचा 'ऑफसाइड', २००६. इराणविरुद्ध बहारीन, वर्ल्ड कपची पात्रता फेरी, तेहरानचं आझादी स्टेडियम. बायकांना आत बंदी, म्हणून काही मुली मुलांचे कपडे घालून शिरतात आणि पकडल्या जातात. सुरुवातीलाच एक मुलगी ब्लॅकवाल्याकडे तिकीट मागते. त्याने ओळखलंय ती मुलगी आहे. मग दर चढतो, आणि वर एक पोस्टरही गळ्यात मारतो. एवढ्याशा व्यवहारात पनाही सगळं सांगून मोकळा होतो: ज्याचा हक्क कच्चा त्याला तिकीट महाग.

पुढचा जवळजवळ सगळा सिनेमा स्टँडच्या मागच्या बाजूला घडतो, जिथून मैदान दिसत नाही. पहाऱ्यावरचा शिपाई फटीतून बघून मुलींना मॅच ऐकवतो, आणि मुलींना खेळ त्याच्यापेक्षा जास्त कळतो. एक मुलगी विचारते, जपानच्या बायकांना कसं आत सोडलं होतं? उत्तर मिळतं की त्यांना शिव्या समजत नाहीत. अख्ख्या सिनेमात चेंडू जवळजवळ दिसत नाही आणि तरी फुटबॉलवरचा याहून चांगला सिनेमा मी पाहिलेला नाही. आपल्याकडे असा नियम नाही, हे खरंच. पण साडेनऊला सुटलेल्या मॅचनंतर बायकांच्या डब्यातून टिटवाळ्याच्या पुढे जाणाऱ्या निळ्या जर्सी मोजून बघा.

आणि मग 'झुंड'. नागराज मंजुळेचा हा सिनेमा मार्च २०२२मध्ये आला तेव्हा बऱ्याच परीक्षणांचा सूर असा होता की पहिला भाग झकास, दुसरा लांबतो. पहिल्या भागात नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांची आणि कॉलेजच्या पोरांची मॅच आहे, धमाल आहे, जिंकणं आहे. दुसऱ्या भागात पोरांना परदेशी स्पर्धेला जायचंय आणि त्यासाठी कागद लागतात. आपण याला लांबण म्हणतो कारण आपल्याकडे कागद आहेत.

मला सिनेमा तिथेच सुरू होतो असं वाटतं. रिंकू राजगुरूची मोनिका आदिवासी आहे. तिचा बाप ती कोण आहे हे सिद्ध करणारा एक दाखला मिळवायला वणवण फिरतो. ती समोर उभी आहे, पण कागदावर नाही. हॉर्नबीला रेडिंगमध्ये तोंडी पत्ता सांगून चाललं, कोणी पुरावा मागितला नाही. मोनिकाकडे खरा पत्ता आहे आणि तो कोणी मानत नाही. अवे मॅचची इतकी अवघड वाट कुठल्याच इंग्रजी पुस्तकात मला भेटलेली नाही. आणि डॉन, ज्याच्यावर पोलीस केस आहे, त्याचा पासपोर्ट, व्हिसा, शेवटी विमानतळावरची तपासणी. यंत्र परत परत वाजतं. मंजुळे तो प्रसंग इतका ताणतो की आपल्यालाच खिसे चाचपावेसे वाटतात. अमिताभ बच्चनचं कोर्टातलं भाषण मात्र मला जड गेलं; जे यंत्राच्या आवाजाने सांगून झालं असतं ते तिथे शब्दांनी समजावून सांगितलं आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप निघू शकतो. इतकं धावपळ करून जायचंच कशाला? मोबाईल आहे की. आक्षेपाला खुद्द हॉर्नबीचाच आधार आहे. २६ मे १९८९, आर्सेनलच्या इतिहासातली सगळ्यात मोठी अवे मॅच, अ‍ॅनफील्डला दोन गोलांनी जिंकायचं होतं आणि मायकल थॉमसने अगदी शेवटी दुसरा गोल मारला. तेव्हा हा आयुष्यभराचा भक्त घरी टीव्हीसमोर होता! गोल झाला तेव्हा तो जमिनीवर आडवा आणि त्याच्या अंगावर मित्रांचा ढीग. ते पान पुस्तकातलं सगळ्यात आनंदी पान आहे, आणि त्यात तो न गेल्याबद्दल फारसा हळहळतही नाही.

मुंबई सिटीचंही तसंच झालं. १३ मार्च २०२१, फातोर्डा, एटीके मोहन बागानविरुद्ध १-१, नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, क्लबचं पहिलं आयएसएल विजेतेपद. कोविडमुळे स्टँड रिकामे. त्या रात्री लोखंडवाला आणि खडवली मैदानापासून सारख्याच अंतरावर होते, एका मोबाईलच्या. तिकिटाचा प्रश्नच उरला नव्हता. मला त्या रात्रीतलं बिपिनचं धावणं आठवतं, आणि त्यामागे रिकाम्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. तीन वर्षांनी ४ मे २०२४ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानविरुद्धच फायनल झाली. ६२ हजारांवर प्रेक्षक, बहुतेक सगळे समोरच्यांचे. मुंबई एक गोल मागे पडून ३-१ जिंकली. टीव्हीवर दुसऱ्या गोलनंतर त्या प्रचंड मैदानाचा आवाज बसत गेला आणि एका कोपऱ्यातून बारीक ओरडा ऐकू आला. तो आवाज २०२१ला नव्हता. त्या कोपऱ्यातल्यांना कुणी विचारलं असेल, कुठून आलात, तर ते काय म्हणाले असतील हे मला माहीत आहे.

'झुंड'च्या शेवटी विमान उडतं, वस्तीवरून, एका भिंतीवरून. ही भिंत ओलांडायला सक्त मनाई असल्याची पाटी त्या भिंतीवर आहे. परदेशातली मॅच मंजुळे दाखवतच नाही.